रुग्ण कोंबडीच्या शरीरात प्रतिजैविकाची गती : शोषण व वितरण यांचा विचार

आपल्या त्रैमासिकात कोंबड्यांच्या औषधोपचारावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु धुळे, साक्री, शिरपूर, नवापूर या पट्ट्यात ज्यांचे औषधालय किंवा औषधविक्रीचे दुकान आहे, त्यांना तसे वाटणार नाही. पांझरेच्या अलीकडे देवपुरात काय आणि पलीकडे जुन्या धुळ्यात काय, कुक्कुटपालन करणारा शेतकरी दुकानाच्या पायरीवर येतो तो एकच मागणी घेऊन येत नाही. पशुवैद्यकाने दिलेले प्रतिजैविक त्याच्या एका पिशवीत असते आणि ‘याच्या जोडीला तुमचे काही द्या’ असे तो आपणांस म्हणतो. मग कोणी शंखभस्म देतो, कोणी त्रिकटू, कोणी यकृताचे टॉनिक. हे सारे एकाच पाण्याच्या टाकीत पडते. त्या टाकीतून पुढे कोंबडीच्या रक्तात काय जाते, फुप्फुसात काय पोहोचते आणि शेवटी माणसाच्या ताटात काय येते, याचा विचार करणे म्हणूनच आपल्या कक्षेबाहेरचे नाही.

औषधाच्या पुस्तकांत दिलेल्या मात्रा, अर्धायुकाल आणि मांसविक्रीपूर्वी पाळावयाचा वर्ज्य काळ हे बहुतांशी निरोगी पक्ष्यांवरील अभ्यासातून ठरलेले असतात. औषध मात्र द्यावयाचे असते ते रुग्ण पक्ष्याला. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या एका विसंगतीत सामावलेला आहे. आपल्या शास्त्रात मात्रा ठरविताना अग्नी, बल, वय, काल व व्याधी यांचा विचार सांगितला आहे. म्हणून ही विसंगती वैद्याला समजावून सांगावी लागत नाही. मात्र ती घडते कशी, हे कोंबडीच्या शरीररचनेतूनच पाहावे लागते.

मात्रा पोटात जाण्यापूर्वीच बदलते

माणसाला गोळी दिली की ती त्याने घेतली हे आपण पाहू शकतो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ते शक्य नसते. तेथे औषध पाण्यातून अथवा खाद्यातून दिले जाते आणि प्रत्येक पक्षी आपली मात्रा स्वतःच घेतो. आजारी पक्ष्याची भूक प्रथम जाते, तहान त्यामानाने उशिरा जाते. म्हणून साथीत खाद्यापेक्षा पाण्यातून औषध देणे श्रेयस्कर मानतात, आणि ते योग्यच आहे. पण पंख पाडून कोपऱ्यात बसलेला पक्षी पाण्यापर्यंतही जात नाही, आणि औषधाची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

हिशेब करून पाहिल्यास गोष्ट स्पष्ट होते. समजा, एका लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम औषध मिसळले आहे. दीड किलो वजनाचा निरोगी पक्षी सौम्य हवामानात दिवसाला २४० मिलिलिटर पाणी प्यायला, तर त्याच्या पोटात १२ मिलिग्रॅम, म्हणजे दर किलो वजनास ८ मिलिग्रॅम औषध जाते. तोच पक्षी मे महिन्यात दुप्पट पाणी पिऊ लागला की मात्रा १६ मिलिग्रॅमवर जाते. आणि रोगाने ग्लान होऊन तो केवळ ६० मिलिलिटर प्यायला, तर त्याला मिळतात जेमतेम २ मिलिग्रॅम. टाकी एक, औषध एक, परंतु मात्रेत आठपटीचा फरक! खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, तेव्हा ‘लिटरला इतके’ या सूत्राने दिलेले औषध निरोगी पक्ष्यास अधिक आणि रुग्णास अपुरे पडते. म्हणून पाण्याच्या मापाऐवजी पक्ष्यांच्या एकूण वजनावरून दिवसाचे औषध ठरविणे केव्हाही चांगले. दीड किलोचे २००० पक्षी म्हणजे ३००० किलो. दर किलोस १० मिलिग्रॅम द्यावयाचे असल्यास ३० ग्रॅम, अर्थात दहा टक्के द्रावणाचे ३०० मिलिलिटर. मग पाणी कमी लागो वा जास्त, दिवसाचे औषध तेवढेच राहते. यातही ग्लान पक्ष्याचा प्रश्न सुटत नाही. असे पक्षी वेगळे काढून त्यांना हाताने औषध पाजणे अथवा टोचणे हाच मार्ग उरतो. व्यापारी शेडमध्ये तो क्वचितच अवलंबिला जातो, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. रात्री दिवे बंद असतील तर आठ-दहा तास औषधाचा नवा अंश शरीरात जात नाही. पेनिसिलिन वर्गातील अमॉक्सिसिलिनसारखे औषध शरीरातून झपाट्याने निघून जाते आणि त्याचा परिणाम ते रक्तात किती वेळ टिकून राहते यावर अवलंबून असतो. त्याच्या बाबतीत ही रात्र जंतूंच्या पथ्यावर पडते. फ्लुरोक्विनोलोन वर्गाचे तसे नाही. तेथे रक्तातील उच्चांक जंतुनाशक पातळीच्या किती पट गेला याला महत्त्व असते, म्हणून दिवसाची मात्रा थोड्या तासांच्या पाण्यातच आटोपणे इष्ट ठरते. सर्व प्रतिजैविके एकाच रीतीने दिवसभर टाकीत सोडणे म्हणजे भेषजकालाचा विचारच न करणे होय.

कोंबडीचे आतडे आणि त्यातील कॅल्शिअम

पक्ष्याची पचनसंस्था आपल्याहून निराळी आहे. गळ्याजवळील अन्नपिशवीत खाद्य व पाणी काही काळ मुरते. तेथे लॅक्टोबॅसिलस जंतूंमुळे किंचित आम्लता असते. पुढे ग्रंथियुक्त जठर व त्यानंतर स्नायुमय पेटा लागतो. तेथील आम्लता तीव्र असते आणि दळणही तेथेच होते. त्यापुढील आतडे आखूड असून खाद्य काही थोड्या तासांतच बाहेर पडते. शोषणास मिळणारा अवधी असा मुळातच कमी आहे. रोगात अन्नपिशवी तुंबली तर औषध आतड्यात उशिरा उतरते आणि अतिसार झाला तर ते शोषले जाण्यापूर्वीच वाहून जाते. मंदाग्नी आणि द्रवमलप्रवृत्ती या दोन्ही अवस्था एकाच शेडमध्ये एकाच वेळी असू शकतात.

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, या रोगात आतड्याच्या अस्तराच्या पेशीच फुटतात. अशा वेळी शोषण घटते असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. जी औषधे स्नेहद्रावी असून पेशींमधून आरपार जातात, त्यांना शोषणासाठी उपलब्ध असलेला पृष्ठभाग कमी होतो आणि त्यांचे शोषण घटू शकते. याउलट निओमायसिन, जेंटामायसिन, कोलिस्टिन यांसारखी जलप्रिय व मोठ्या रेणूंची औषधे निरोगी आतड्यातून जवळजवळ शोषलीच जात नाहीत. ती आतड्यातच राहावीत या हेतूने दिली जातात. सुजलेल्या व सोललेल्या अस्तरातून मात्र त्यांचा काही अंश रक्तात झिरपू शकतो. ज्या औषधाचे अवशेष मांसात येणार नाहीत असे गृहीत धरलेले असते, तेच औषध मग वृक्कात जाऊन साचते. एकाच विकृतीने एकाचे शोषण कमी आणि दुसऱ्याचे अधिक, असा हा प्रकार आहे.

आता ज्या मुद्द्याशी आपला थेट संबंध आहे, त्याकडे वळू. टेट्रासायक्लिन आणि फ्लुरोक्विनोलोन या दोन्ही वर्गांतील औषधे कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, लोह व ॲल्युमिनिअम यांच्या आयनांना घट्ट धरून बसतात. असा बंध तयार झाला की तो संयोग आतड्यातून शोषला जात नाही. विष्ठेवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शिअम असते. मांसल कोंबडीच्या खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळे एकाच मात्रेचे क्लोरटेट्रासायक्लिन अंडी देणाऱ्या कोंबडीत कमी शोषले जाते. ऑक्सिटेट्रासायक्लिनचे शोषण कोंबडीत मुळातच फार तुटपुंजे आहे. डॉक्सिसायक्लिन अधिक स्नेहद्रावी असल्याने व कॅल्शिअमशी त्याची ओढ कमी असल्याने ते बरेच अधिक शोषले जाते. खाद्यात सायट्रिक आम्ल मिसळल्यास कॅल्शिअम त्या आम्लाशी बांधले जाऊन टेट्रासायक्लिनची रक्तातील पातळी वाढते, ही गोष्ट कुक्कुटशास्त्रात जुनी आहे.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते. भांड्याला पांढरा थर धरणारे हे पाणी औषधाच्या टाकीत तेच काम करते. टाकीच्या तळाशी बसलेला पिवळा साका म्हणजे शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेले औषध असते.

आणि याच टाकीत आपले शंखभस्म पडते! शंख, प्रवाळ, कपर्दिका, शुक्ती, कुक्कुटांडत्वक् ही सारी भस्मे मूलतः कॅल्शिअमची आहेत. गोदंतीही कॅल्शिअमचीच. लोह, मंडूर व अभ्रक यांत लोह आणि इतर धातू आहेत. ही द्रव्ये स्वतंत्रपणे दिली असता त्यांचे गुण आपण जाणतोच. परंतु डॉक्सिसायक्लिन अथवा एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या पाण्यात ती मिसळणे म्हणजे दोन्ही औषधांचा नाश करणे होय. हा केवळ कोंबड्यांचाच प्रश्न नाही. अम्लपित्तासाठी शंखभस्म अथवा पांडुरोगासाठी मंडूर घेणारा आपला रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडून सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणतो, तेव्हाही हेच घडते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अशा खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे असा नियम आहे. पक्ष्यांना तास पाळून देणे कठीण असल्याने, प्रतिजैविकाचा क्रम संपेपर्यंत खनिज भस्मे व खनिज टॉनिके पूर्ण बंद ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रिकटू : अनुकूल की प्रतिकूल?

त्रिकटूने औषध ‘लागते’ हा आपला परंपरागत अनुभव. जम्मू येथील तत्कालीन प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास पिंपळी व मिरीतील पायपेरीनवर काम करून या अनुभवाला आधुनिक परिभाषा दिली. पुढे २००९ मध्ये रिफाम्पिसिन, आयसोनायझिड व पायपेरीन यांचे क्षयरोगावरील संयुक्त औषध भारतीय बाजारात आले आणि त्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवता आली. वैद्यक्षेत्राला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि अभिमानाबरोबर दुसरी बाजूही ठाऊक असावी. सशांवरील अभ्यासांत संपूर्ण त्रिकटू दिले असता आयसोनायझिडची रक्तातील पातळी वाढण्याऐवजी घटल्याचे आढळले आहे. पायपेरीन यकृतातील व आतड्यातील औषध मोडणारी द्रव्ये आणि औषध परत बाहेर फेकणारी यंत्रणा या दोहोंना अडविते. म्हणून काही औषधांची पातळी वाढते. त्रिकटूत शुंठीही आहे. त्याने जठराची गती बदलते आणि प्रत्येक औषधागणिक परिणाम निराळा होतो. त्रिकटू सर्वच औषधांचे शोषण वाढविते, हे विधान टिकणारे नाही.

समजा ते वाढलेच, तरी काय? औषध मोडण्याची क्रिया मंदावली म्हणजे ते शरीरात अधिक काळ राहणार. औषध थांबविल्यानंतर अमुक दिवसांनी पक्षी विकावा, असा जो हिशेब डब्यावर छापलेला आहे, तो त्रिकटू नसताना केलेला आहे. औषध मोडण्याची क्रिया अडविल्याने काय होते याचे उग्र उदाहरण कुक्कुटपालकांना परिचित आहे. टियाम्युलिन हे प्रतिजैविक आणि मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही रक्ती हगवणीवरील खाद्यातील औषधे एकत्र आली की टियाम्युलिन त्यांचे विघटन रोखते. मग नेहमीच्याच मात्रेने पक्षी लुळे पडतात आणि मरतात. वनस्पती सौम्य आहे म्हणून हा नियम तिला लागू नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

रक्तातून अवयवाकडे

शोषलेले औषध रक्तात आले म्हणजे काम झाले असे नाही. जंतू बहुधा फुप्फुसात, वायुकोशात, यकृतावरील आवरणात अथवा सांध्यात असतात. तेथवर पोहोचणे हा वितरणाचा विषय.

शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याची जी कल्पना मांडली आहे, म्हणजे पचन होण्यापूर्वीच सर्व देहात पसरणारे द्रव्य, तिचे स्मरण येथे होते. हे साम्य फार ताणू नये. तरी विद्यार्थ्याला दोन प्रकारची औषधे समजावताना ते उपयोगी पडते. फ्लुरोक्विनोलोन, मॅक्रोलाइड, टियाम्युलिन, डॉक्सिसायक्लिन ही स्नेहद्रावी औषधे पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतात. फुप्फुसात त्यांची पातळी रक्ताहूनही अधिक होते. म्हणून मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगात टायलोसिन, टियाम्युलिन यांना स्थान आहे. याउलट पेनिसिलिन व जेंटामायसिन पेशींच्या बाहेरील द्रवातच राहतात.

जंतुदोष रक्तात पसरला, जसे ई. कोलाय जंतूंच्या गंभीर आजारात होते, की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. जलप्रिय औषध पसरण्यास अधिक जागा मिळते आणि त्याच मात्रेने रक्तातील उच्चांक कमी येतो. मात्र अतिसाराने किंवा उष्म्याने पक्षी शुष्क झाला असेल तर नेमके उलट होते. पेशीबाह्य द्रव आटलेला असल्याने पातळी चढते आणि आधीच त्रस्त झालेल्या वृक्कावर जेंटामायसिनसारख्या औषधाचा घाला पडतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडून युरिक आम्ल साचलेल्या पक्ष्यांत, म्हणजे ज्यांच्या वृक्कांवर व हृदयावरणावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो त्यांच्यात, हा धोका सर्वांत मोठा.

रक्तातील प्रथिनांचाही विचार करावा लागतो. तीव्र शोथात यकृत अल्ब्युमिन कमी बनविते आणि आल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन अधिक बनविते. आम्लधर्मी औषधे प्रामुख्याने अल्ब्युमिनला चिकटतात. ते घटले की मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो. मॅक्रोलाइड, लिंकोमायसिन, ट्रायमेथोप्रिम ही क्षारधर्मी औषधे दुसऱ्या प्रथिनाला चिकटतात. त्यांचा मोकळा वाटा घटतो. जंतूंवर काम करतो तो मोकळाच अंश. म्हणून प्रयोगशाळेने रक्तातील एकूण पातळी दिली तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आता पक्ष्यांच्या पुवाविषयी. सस्तन प्राण्यांत पू द्रव असतो, तो वाहतो, त्याचा निचरा करता येतो. पक्ष्यांत तसे नाही. त्यांच्या शोथस्थानी येणाऱ्या हेटेरोफिल पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे द्रव्य नसते. पू पातळ न होता कोरड्या खव्यासारखा घट्ट होतो. जुनाट श्वसनरोगात वायुकोश उघडून पाहिले असता पिवळट पापुद्रे व गोळे दिसतात, ते हेच. वायुकोशाचे पडदे अतिशय पातळ आणि त्यात रक्तवाहिन्याही विरळ. अशा ठिकाणी रक्तातून औषध पोहोचणे मुळातच कठीण, आणि एकदा हा खवा जमला की त्याच्या गाभ्यात तर औषध शिरतच नाही. आत रक्तवाहिनी नाही, प्राणवायू नाही, आणि आम्लता वाढलेली. जेंटामायसिनसारखे औषध पोहोचले तरी प्राणवायूच्या अभावी व आम्ल माध्यमात निष्प्रभ होते. स्रोतोरोध म्हणजे काय, हे वायुकोशातील या गोळ्याकडे पाहून जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही.

याच्या आधीच्या अवस्थेत मात्र शोथ औषधाला साहाय्यही करतो. सुजेच्या ठिकाणी रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि तेथे धावणाऱ्या पेशी मॅक्रोलाइड व फ्लुरोक्विनोलोन आपल्यात साठवून सोबत नेतात. पहिल्या एक-दोन दिवसांत योग्य औषधाने शेड सावरते आणि आठवड्यानंतर तेच औषध दुप्पट दिले तरी मर थांबत नाही, याचे कारण बहुधा जंतूंच्या बळात नसून या खव्यात असते. अशा वेळी शेतकरी औषध बदलत राहतो. वास्तविक असे पक्षी बरे होण्यापलीकडे गेलेले असतात. त्यांना वेगळे काढणे हाच शहाणपणा होय.

टोचून औषध देण्याविषयी थोडेसे. पक्ष्यांच्या पायांकडून येणारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी त्याचा काही भाग वृक्कांतून जाऊ शकतो. मांडीत टोचलेले औषध त्यामुळे वृक्कातून लवकर निघून जाण्याची अथवा वृक्कास अपाय करण्याची शक्यता असते. ती प्रत्यक्षात किती, याविषयी मतभेद आहेत. तरी छातीच्या स्नायूत टोचणे अधिक निर्धोक होय.

शरीरातून बाहेर, आणि पुन्हा आत

औषध मोडण्याचे मुख्य स्थान यकृत. मका व शेंगदाणा पेंड यांवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन निर्माण होते आणि ते प्रथम यकृतालाच ग्रासते. यकृत दुर्बल झालेल्या पक्ष्यात औषध अधिक काळ रेंगाळते. यकृताचे टॉनिक मागणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या खाद्याच्या पोत्याचा वास घेण्यास सांगणे हा पहिला उपचार.

उत्सर्जनातही एक गंमत आहे. गादी पद्धतीत वाढणाऱ्या कोंबड्या भुसा चिवडतात आणि त्यातील विष्ठाही खातात. विष्ठेवाटे पडलेले औषध अशा रीतीने पुन्हा पोटात जाते. पाण्यातील औषध बंद केले त्या दिवशी औषध खरोखर बंद झाले असे म्हणता येत नाही. गादी बदलली नसेल तर वर्ज्य काळाची गणना कोठून करावी, असा प्रश्न पडतो.

अंड्याचा विचार वेगळा. पांढरा बलक काही तासांत बनतो, म्हणून त्यातील औषध लवकर नाहीसे होते. पिवळा बलक मात्र अंडे देण्यापूर्वीचे सुमारे दहा दिवस भराभर वाढत असतो. त्या काळात रक्तात असलेले स्नेहद्रावी औषध त्यात थरावर थर साचते. औषध थांबविल्यानंतर दहा दिवसांनी आलेल्या अंड्यातही ते सापडू शकते ते यामुळे. टेट्रासायक्लिन वाढत्या हाडांत कॅल्शिअमशी जखडून राहते, आणि पिसांतही काही औषधे दीर्घकाळ टिकतात.

भारतात औषध नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अन्नासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या औषधावर वर्ज्य काळ छापणे आवश्यक आहे. जेथे तो निश्चित झालेला नसेल तेथे अंडी व दूध यांसाठी किमान ७ दिवस आणि पक्षी व जनावरांच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरावयाचे आहेत. मांसल कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांत बाजारात जाते. याचा अर्थ असा की वर्ज्य काळ न ठरलेले औषध पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतर वापरताच येत नाही. हा साधा हिशेब किती ठिकाणी मांडला जातो, हे वाचकांनीच आपल्या परिसरात पाहावे. निरोगी पक्ष्यांवरून ठरलेला काळ रुग्ण पक्ष्यास अपुरा पडू शकतो, हे तर वर सांगितलेच आहे.

काही औषधांचा प्रश्न कायद्यानेच निकाली निघाला आहे. आतड्यातून शोषले जात नाही म्हणून निर्धोक समजले गेलेले कोलिस्टिन वाढीसाठी खाद्यात सर्रास मिसळले जाई. ते रक्तात जात नव्हते हे खरे, परंतु आतड्यातील जंतूंवर त्याचा दबाव अखंड राहत होता. कोलिस्टिनला दाद न देणारा व एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राणी व कुक्कुटपालन यांसाठी त्याच्या निर्मिती-विक्रीवर बंदी घातली. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांवर अशीच बंदी २०२५ मध्ये आली. अमेरिकेने तर कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिनचा वापर २००५ मध्येच थांबविला. कोंबडीच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सॅसिनचा एक अंश सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये रूपांतरित होतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे माणसाचे औषध आहे. जुना साठा फडताळात असेल तर दुकानदारांनी तो आजच वेगळा काढावा. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नवापूरचे स्मरण

खानदेशात या विषयावर लिहिताना नवापूर वगळता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची भारतातील पहिली साथ निश्चित झाली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तीच आपत्ती ओढवली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २००६ मध्ये आरंभी मानमोडीचा संशय घेतला गेला होता. मानमोडी काय किंवा बर्ड फ्लू काय, दोन्ही विषाणुजन्य. प्रतिजैविक कितीही उत्तम शोषले गेले, कितीही खोल पोहोचले तरी विषाणूवर त्याचा परिणाम शून्य. नंतर येणाऱ्या जंतुदोषापुरताच त्याचा उपयोग.

म्हणून एकाएकी मोठ्या प्रमाणात मर सुरू झाल्याचे कोणी दुकानात सांगू लागला, तर औषधाचा डबा काढण्यापूर्वी त्यास पशुसंवर्धन खात्याच्या नजीकच्या दवाखान्यात कळविण्यास सांगावे. मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, हाताळू नयेत, शेजारच्या शेडमध्ये जाऊ नये. नमुने खात्याचे अधिकारी घेतात. पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभाग आणि बर्ड फ्लूच्या निश्चितीसाठी भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा अशी ती वाट आहे. त्या वेळी शेतकऱ्याजवळ एक कागद अवश्य असावा. गेल्या दहा दिवसांत कोणते प्रतिजैविक, किती, पाण्यातून की खाद्यातून दिले, आणि सोबत कोणते भस्म, चूर्ण वा टॉनिक दिले, याची त्यावर तारखेनिशी नोंद हवी. प्रतिजैविक पोटात असलेल्या पक्ष्याच्या यकृतातून जंतू वाढविण्याचा प्रयत्न केल्यास पुष्कळदा बशीत काहीच उगवत नाही, आणि जंतू नव्हतेच असा चुकीचा अर्थ निघतो. आपण दिलेल्या पुडीची नोंदही त्या कागदावर आपल्याच अक्षरात करून द्यावी.